कोर्ते दे पेद्रा: कोकोच्या बागेतला व्रण आणि त्याची मोजणी

ब्राझीलच्या बाहिया राज्यात, राजधानी साल्वादोरपासून रस्त्याने अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक दक्षिणेला, प्रेसिदेन्ते तांक्रेदो नेव्हेस नावाचे एक म्युनिसिपिओ आहे. म्युनिसिपिओ म्हणजे एक गाव व त्याच्या भोवतालचा ग्रामीण मुलूख मिळून झालेले, स्वतःचे निवडून आलेले प्रशासन असलेले क्षेत्र. हे क्षेत्र १९८९ मध्ये वालेन्सापासून वेगळे झाले आणि १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून येऊनही पदग्रहणापूर्वीच निधन पावलेल्या नेत्याचे नाव त्याला मिळाले. त्यातील कोर्ते दे पेद्रा ही महामार्गालगतची लहानशी वस्ती आहे. तिचे नाव जगभरच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकांत पुनःपुन्हा येते, कारण तेथील आरोग्यकेंद्रात त्वचेच्या लिश्मॅनियासिसचे, म्हणजे परजीवीमुळे त्वचेवर व्रण उठवणाऱ्या रोगाचे, रुग्ण दरवर्षी शेकड्यांनी आणि काही वर्षी हजाराच्या आसपास येत राहिले आहेत. एवढ्या लहान वस्तीत एवढे रुग्ण का येतात, ते नेमके कोठले असतात, आणि चार दशके उत्तम संशोधन होऊनही रोग तेथून का हलला नाही, हे तीन प्रश्न या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत.

लिश्मॅनियासिस म्हटले की आपल्याकडे काळा आजार आठवतो. बिहारमध्ये प्लीहा आणि यकृत ग्रासणारा तो आजार आणि बाहियातील हा आजार एकाच घराण्यातील परजीवींमुळे होतात, पण त्यांचे वागणे अगदी वेगळे आहे. कोर्ते दे पेद्रा येथील जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये लिश्मॅनिया ब्राझिलिएन्सिस ही एकच जात सापडते. हा परजीवी पसरवणारी वाळूमाशी चावल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, त्या जागी पुटकुळी येते. ती वाढते, मध्यभागी फुटते आणि कडा उचललेला, तळ लालसर व दाणेदार असलेला गोल व्रण तयार होतो. तो बहुधा दुखत नाही आणि बहुतेकदा पायावर, विशेषतः गुडघ्याखाली असतो. अनेकांमध्ये व्रणाच्या आधीच जांघेतील गाठी सुजतात, आणि हे लक्षण याच भागातील डॉक्टरांनी काळजीपूर्वक नोंदवले. अशा चिघळणाऱ्या व्रणाला लोक फेरिदा ब्रावा म्हणतात. उपचार न केल्यास तो कित्येक महिने राहतो आणि बरा झाल्यावर चकचकीत, खोलगट वण सोडून जातो. काहींमध्ये मात्र परजीवी पुढे नाकाच्या व घशाच्या आतील अस्तरापर्यंत पोहोचतो आणि अनेक वर्षांनी नाकाचा पडदा झिजू लागतो.

या रोगाची वैद्यकीय ओळख ब्राझीलमध्ये रेल्वेमुळे पटली. साओ पावलो राज्यातील बाउरू येथून जंगल तोडत पश्चिमेकडे रूळ टाकले जात असताना मजुरांच्या अंगावर मोठाले व्रण उठू लागले आणि १९०९ मध्ये त्या व्रणांत लिश्मॅनिया सापडला. १९११ मध्ये गास्पार व्हियाना या तरुण ब्राझिलियन शास्त्रज्ञाने या परजीवीला ब्राझीलचे नाव दिले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी अँटिमनीचे एक संयुग शिरेतून देऊन रुग्ण बरे होतात हे दाखवले. १९१४ मध्ये तिशीच्या आतच त्यांचे निधन झाले. अँटिमनीवर आधारित औषध मात्र, अधिक सुधारित रूपात, आजही कोर्ते दे पेद्राच्या दवाखान्यात टोचले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच धातूवर विसंबून राहावे लागते, यातच या रोगाच्या वाट्याला आलेली उपेक्षा स्पष्ट होते.

बाउरूच्या कहाणीमुळे एक समज घट्ट झाला. जंगल तोडणाऱ्या पुरुषाला हा रोग होतो, जंगल संपले की रोगही संपतो, असे पाठ्यपुस्तके बराच काळ सांगत आली. कोर्ते दे पेद्राचा अनुभव हा समज मोडणारा आहे. पण तो मोडतो म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी आधी तेथील जमीन पाहावी लागते.

बाहियाचा हा किनारी पट्टा अटलांटिक वर्षावनाचा आहे. मूळ वनापैकी जेमतेम आठवा हिस्सा आज देशभरात उरला आहे, आणि दक्षिण बाहियात ते जे काही टिकले त्याचे मोठे श्रेय कोकोच्या शेतीला जाते. येथे कोको काब्रुका पद्धतीने लावतात. जंगल सपाट न करता खालची झुडपे काढायची, मोठ्या वृक्षांपैकी काही राखायचे आणि त्यांच्या सावलीत कोकोची झाडे वाढवायची. कोकणातील किंवा गोव्यातील कुळागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना लगेच डोळ्यांसमोर येईल: वर उंच झाडांचे छत, मध्ये पीक, खाली सदैव ओलसर राहणारा पालापाचोळा, आणि त्यातच कुठेतरी राबणाऱ्या माणसांची घरे. कोकोबरोबर केळी, लवंग, ग्वाराना, रबर व कसावा ही पिकेही येथे घेतली जातात. अनेक कुटुंबे दुसऱ्याची बाग अर्धेलीने करतात आणि बागेतच, मातीच्या किंवा फळ्यांच्या भिंतींच्या घरात राहतात.

वाळूमाशीला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, पिवळसर रंगाची, केसाळ असते आणि बसल्यावर पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते. महाराष्ट्रातील वाचकांना ती अपरिचित नाही. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू वाळूमाशीच पसरवते, तिची जात मात्र वेगळी. डासाच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात, वाळूमाशीच्या अळ्या मात्र ओल्या मातीत, कुजणाऱ्या पानांत, झाडांच्या बुंध्याशी आणि जनावरांच्या गोठ्याजवळच्या घाणीत वाढतात. म्हणून पाण्याची डबकी बुजवून तिला आवरता येत नाही. ती फार लांब उडत नाही, उड्या मारल्यासारखी थोडे थोडे अंतर कापते. मादीच चावते, आणि तीही प्रामुख्याने संध्याकाळपासून रात्रभर. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत शिरते. कोर्ते दे पेद्रा परिसरात लुत्झोमिया व्हिटमानी आणि लुत्झोमिया इंटरमीडिया या दोन जाती महत्त्वाच्या मानल्या जातात. दोन्ही जातींमध्ये परजीवी आढळला आहे आणि दोन्ही माणसाच्या घराजवळ, कोंबड्यांच्या खुराड्यांभोवती, केळीच्या बागेत सहज वावरतात.

या पट्ट्यातील रोगाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात त्रेस ब्रासोस या जवळच्या वस्तीत सुरू झाला. फिलिप मार्सडेन हे ब्रिटिश वैद्य ब्राझिलिया विद्यापीठात अध्यापन करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक साधे क्षेत्रीय केंद्र उभारले आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षे तपासत राहिले. नाकाचा रोग कोणाला, किती काळाने होतो हे समजण्यासाठी एवढा धीर आवश्यकच होता. १९८० च्या दशकात बाहिया फेडरल विद्यापीठाच्या वैद्यांनी कोर्ते दे पेद्रा येथील आरोग्यकेंद्राला जोड दिली. एदगार कार्व्हाल्यो यांच्या नेतृत्वाखालील साल्वादोरच्या गटाने तेथील रुग्णसेवा आणि संशोधन एकाच छताखाली चालू ठेवले. साल्वादोरहून डॉक्टर ठरावीक काळाने येतात आणि परिचारिका व स्थानिक कर्मचारी कायम तेथेच असतात. १९८८ च्या राज्यघटनेने ब्राझीलमध्ये आरोग्यसेवा हा नागरिकांचा हक्क ठरवल्यानंतर निदान व औषध विनामूल्य मिळण्याला कायद्याचा आधारही आला.

त्रेस ब्रासोस येथील तीन वर्षांच्या लोकसंख्याधारित पाहणीने पहिले मोठे चित्र दिले. दर हजार रहिवाशांमागे वर्षाला सुमारे आठ नवे संसर्ग होत होते आणि साधारण दर सात जणांपैकी एकाच्या अंगावर जुन्या व्रणाचा वण होता. या दोन आकड्यांपैकी दुसरा मला अधिक बोलका वाटतो. नवे रुग्ण मोजताना दवाखान्यात कोण आले, कोण आले नाही, याची शंका राहते. वण मात्र अंगावरच राहतो आणि दारोदार जाऊन पाहिला की गावाचा वीस-तीस वर्षांचा इतिहास वाचता येतो. सात माणसांत एक वण म्हणजे रोग पाहुणा नव्हता, त्या बागांचा रहिवासीच होता.

आता पाठ्यपुस्तकातील समजाकडे वळू. रोग जंगलात झाडे तोडताना होत असेल, तर रुग्ण जवळजवळ सर्व कामकरी वयाचे पुरुष असायला हवेत. घरात किंवा अंगणात होत असेल, तर बायका, लहान मुले आणि वृद्ध यांचेही प्रमाण लक्षणीय असायला हवे. कोर्ते दे पेद्राच्या नोंदींत दोन्ही दिसते. तरुण शेतमजूर पुरुष सर्वांत जास्त आहेत, यात वाद नाही. पण स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत आणि लहान मुलेही. एकाच घरातील दोन-तीन जणांना लागोपाठ व्रण होण्याची उदाहरणे या भागात नेहमीची आहेत. यावरून काही अभ्यासक रोग आता घराकडे सरकला असे म्हणतात, तर काही तो अजून वनाचाच आहे असे मानतात.

माझ्या मते येथे प्रश्नच चुकीच्या जागी उभा केला जातो. घर आणि जंगल असे दोन ठिकाणांत विभागणी करण्यासाठी त्यांच्यामध्ये सीमा लागते, आणि काब्रुकामध्ये ती सीमा नाही. कोकोची फळे काढायला पहाटे निघालेला माणूस घराच्या मागच्या दारातूनच बागेत शिरतो. दुपारी फळे फोडून ओला गर आंबवण्यासाठी काढण्याचे काम झाडांखाली बसून होते आणि त्यात बायका व मुलेही असतात. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना दार उघडे असते, दिवा लागलेला असतो, कुत्रे उंबऱ्याशी पडलेले असते आणि कोंबड्या खुराड्यात परतत असतात. वाळूमाशीच्या कामाची वेळही नेमकी हीच. त्यामुळे चावा बागेत बसला की ओट्यावर, याचा शोध एका रुग्णापुरता शक्य असला तरी त्यावरून नियंत्रणाची दिशा ठरवणे फसवे आहे. धोक्याचे खरे एकक दिनक्रम हे आहे. कोण, कोणत्या वेळी, पालापाचोळ्यापासून किती अंतरावर, किती उघड्या पायांनी असतो, हे पाहिले तर पुरुषांचे आधिक्य आणि मुलांचे प्रमाण या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच वेळी होतो.

१९८९ मध्ये आणखी एक घटना घडली. विचेस ब्रूम म्हणून ओळखला जाणारा बुरशीजन्य रोग दक्षिण बाहियाच्या कोकोवर आला आणि पुढच्या दशकात उत्पादन कोसळले. मोठ्या बागांतील मजूर बेकार झाले, अनेक कुटुंबे स्थलांतरित झाली, काही ठिकाणी सावलीची झाडे विकून कुरणे केली गेली, तर काही ठिकाणी जमिनींचे लहान तुकडे होऊन नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. या उलथापालथीचा त्वचारोगाशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. एवढे मात्र निश्चित की पूर्वी या परजीवीशी संबंध न आलेली माणसे अशा वेळी बागांच्या आत राहायला येतात, आणि रोगाच्या नकाशाचा अर्थ लावताना माणसांच्या हालचालीचा नकाशा शेजारी ठेवावाच लागतो.

परजीवी कोणत्या प्राण्यांत टिकून राहतो, हा भाग अजून वादाचा आहे. कुत्रे, खेचरे आणि गाढवे यांच्यात संसर्ग आढळला आहे, आणि ब्राझीलच्या इतर भागांत रानातील उंदरांमध्येही. पण प्राण्यात परजीवी सापडणे आणि त्या प्राण्याने माशीला संसर्ग देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुत्रा माणसासारखाच बळी असू शकतो. म्हणूनच ब्राझीलमध्ये या रोगासाठी कुत्रे मारण्याची शिफारस नाही, आणि ते योग्यच आहे.

मोजणीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. ब्राझीलमध्ये लिश्मॅनियासिसची नोंद सक्तीची आहे, त्यामुळे प्रत्येक रुग्ण राष्ट्रीय नोंदप्रणालीत जातो. पण कोर्ते दे पेद्रा येथे येणारा रुग्ण त्याच म्युनिसिपिओचा असेलच असे नाही. वालेन्सा, तेओलांदिया, वेन्सेस्लाउ गिमाराएस, तापेरोआ, नीलो पेसान्या अशा आजूबाजूच्या अनेक क्षेत्रांतून लोक येतात, कारण औषध येथे हमखास मिळते आणि डॉक्टरांना हा व्रण ओळखता येतो. केंद्रात आलेल्यांना अंश आणि केवळ त्या म्युनिसिपिओच्या लोकसंख्येला छेद मानले, तर दर फुगतो. उलट, राहत्या पत्त्यानुसार रुग्ण वाटून दिले, तर दवाखान्यापासून दूर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या वाड्यांचा दर खोटाच कमी दिसतो, कारण तेथून येणारे कमी आणि घरगुती झाडपाल्यावर भागवणारे अधिक. चांगला दवाखाना उघडला की रोग वाढल्यासारखा दिसतो आणि तो बंद पडला की रोग कमी झाल्यासारखा. कोर्ते दे पेद्राची ख्याती काही अंशी तेथील माशीमुळे आहे आणि काही अंशी तेथील परिचारिकांमुळे. हे दोन अंश वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन वण मोजणे. ते काम खर्चिक नाही, कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच निधी देणाऱ्यांना आकर्षक वाटत नाही.

याच्या जोडीला व्रणच न होणाऱ्यांचा प्रश्न आहे. रुग्णांच्या घरातील इतर माणसांची त्वचाचाचणी केली असता काही जणांमध्ये ती सकारात्मक येते, पण त्यांना कधीच व्रण झालेला नसतो. म्हणजे परजीवी शरीरात आला, शरीराने त्याला ओळखले आणि आवरले. या मंडळींचा अभ्यास साल्वादोरच्या गटाने चिकाटीने केला आहे, कारण रोग होण्याचे कारण कळायचे तर तो न होण्याचेही कळले पाहिजे.

रोगाच्या रूपांमध्ये पडलेला फरक ही कोर्ते दे पेद्राची सर्वांत महत्त्वाची शिकवण आहे. एक किंवा काही मोजके व्रण हे नेहमीचे रूप. नाकाघशाचा रोग साधारण तीन ते पाच टक्क्यांत. याशिवाय एक तिसरे रूप, ज्यात सुरुवातीच्या व्रणानंतर थोड्याच दिवसांत चेहरा, छाती, पाठ, हातपाय यांवर दहा किंवा त्याहून अधिक, कधी शेकडो, पुटकुळ्या व छोटे व्रण उठतात. याला प्रसृत लिश्मॅनियासिस म्हणतात. पूर्वी या भागात त्याचे प्रमाण सुमारे ०.२ टक्का नोंदले गेले होते. १९९२ ते १९९८ या काळातील नोंदींत ते १.९ टक्के झाले. हे रुग्ण प्रामुख्याने शेतीकाम करणारे प्रौढ पुरुष होते आणि त्यांच्यात नाकाचा सहभागही बराच जास्त होता. जवळजवळ दहापट वाढ केवळ अधिक बारकाईने पाहण्याने होत नाही, कारण शंभर पुटकुळ्या असलेला माणूस पूर्वीच्या डॉक्टरांच्याही नजरेतून सुटला नसता.

मग वाढ कशामुळे? येथे उपग्रहाधारित स्थाननोंदणीची मदत झाली. रुग्णांची घरे किंवा शेते नकाशावर मांडल्यावर दिसले की रोगाची निरनिराळी रूपे सारख्या प्रमाणात विखुरलेली नाहीत. काही रूपे काही कोपऱ्यांत दाटतात. त्याच वेळी रुग्णांतून काढलेल्या परजीवींच्या जनुकीय तपासणीने दाखवले की एकाच जातीचे मानले गेलेले परजीवी प्रत्यक्षात अनेक वंशांचे मिश्रण आहेत आणि त्यांपैकी काही वंश प्रसृत रूपाशी अधिक जोडलेले आहेत. एका तालुक्याएवढ्या क्षेत्रातही परजीवीचे असे पोटभेद असतात, आणि एका डोंगराच्या अलीकडचा व पलीकडचा व्रण वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. राज्यभराची सरासरी काढणाऱ्या तक्त्यात हे कधीच दिसले नसते. लहान क्षेत्राचा दीर्घ अभ्यास का करायचा, याचे याहून चांगले समर्थन मला ठाऊक नाही.

उपचारांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लिश्मॅनिया ब्राझिलिएन्सिसच्या व्रणात परजीवी फार थोडे असतात. मांस झिजवण्याचे काम मुख्यतः रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. परजीवीला मारण्यासाठी उसळलेली दाहक्रिया आवरत नाही आणि भोवतालच्या निरोगी ऊतींनाही जाळते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी न दिसणे हे रोग नसल्याचे प्रमाण नव्हे, आणि या भागात परजीवीचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने निदानाची खात्री बरीच वाढवली. म्हणूनच एक अनपेक्षित निष्कर्षही येथेच निघाला. पुटकुळी फुटण्यापूर्वी, अगदी सुरुवातीलाच, अँटिमनी दिले तरी बहुतेकांना व्रण होतोच. लवकर या, लवकर बरे व्हा, हा आरोग्यशिक्षणाचा नेहमीचा संदेश येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. लवकर येण्याचे इतर फायदे आहेत, पण व्रण टळेल असे वचन रुग्णाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नेहमीचा उपचार असा: शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम या प्रमाणात अँटिमनी, रोज शिरेतून, सलग २० दिवस, आणि नाकाच्या रोगासाठी ३० दिवस. सांधे दुखतात, स्नायू दुखतात, भूक जाते, आणि हृदयाच्या विद्युतक्रियेवर परिणाम होत असल्याने वयस्कर रुग्णांना विशेष जपावे लागते. गर्भवतींना हे औषध देता येत नाही. अर्धेलीने बाग करणाऱ्या माणसासाठी वीस दिवस रोज दवाखान्यात येणे म्हणजे सुगीच्या दिवसांत वीस दिवसांची मजुरी आणि वीस वेळचे बसभाडे. एवढे करूनही यश किती? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच भागातील नियंत्रित चाचणीत सहा महिन्यांनंतर अँटिमनीने बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. जवळजवळ निम्म्या लोकांना दुसऱ्यांदा, काहींना तिसऱ्यांदा सुया घ्याव्या लागतात. त्याच चाचणीत २८ दिवस तोंडाने घेतलेल्या मिल्टेफोसिनने ७५ टक्के रुग्ण बरे झाले. हेच औषध भारताने काळ्या आजारासाठी २००२ मध्ये मंजूर केले होते. ब्राझीलच्या सार्वजनिक सेवेत त्वचेच्या लिश्मॅनियासिससाठी त्याच्या समावेशाचा निर्णय २०१८ मध्ये झाला. चाचणी आणि निर्णय यांच्यामधली आठ वर्षे कोर्ते दे पेद्राच्या रुग्णांनी सुया घेत काढली, आणि हा विलंब मला समर्थनीय वाटत नाही. मिल्टेफोसिन गर्भाला घातक असल्याने स्त्रियांना ते देताना गर्भनिरोधाची खात्री लागते, उलट्यांचा त्रास होतो, आणि गोळ्या घरी दिल्या की त्या पूर्ण घेतल्या जातात का हे पाहण्याची नवी जबाबदारी परिचारिकांवर येते. तरीही रोज शिरेत सुई आणि घरी गोळी यांतील फरक रुग्णाच्या बाजूने पाहिला तर निवड अवघड राहत नाही. मोजके लहान व्रण असलेल्यांना औषध थेट व्रणात टोचण्याचा पर्यायही आता मान्य झाला आहे. त्याने एकूण मात्रा आणि हृदयावरचा भार दोन्ही कमी होतात.

नियंत्रणाचे मार्ग मोजकेच आहेत. घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारणे तेथेच उपयोगी, जेथे माशी भिंतीवर विसावते आणि चावा घरात बसतो. मातीच्या खडबडीत भिंती औषध शोषून घेतात, आणि दहा पावलांवर काब्रुका असली की माश्यांचा पुरवठा संपत नाही. बारीक विणीच्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या झोपेच्या वेळी, विशेषतः लहान मुलांना, संरक्षण देतात, पण संध्याकाळच्या ओट्यावर नाही. बागा तोडून घराभोवती मोकळी पट्टी ठेवण्याचा सल्ला कागदावर सोपा आहे. जमीन दुसऱ्याची असताना आणि प्रत्येक झाड उत्पन्नाचे असताना तो कोण अमलात आणणार? शिवाय अटलांटिक वनाचा उरलेला अंश त्याच झाडांमुळे टिकला आहे, आणि एका रोगासाठी त्यावर कुऱ्हाड चालवणे मला कदापि मान्य नाही. घरांच्या फटी बुजवणे, कोंबड्यांची खुराडी भिंतीपासून दूर नेणे, अंगणातला पाचोळा गोळा करणे, कामावर पूर्ण विजार आणि बूट मिळणे या गोष्टी किरकोळ दिसतात, पण दिनक्रम हेच धोक्याचे एकक मानले तर त्याच नेमक्या ठिकाणी पोहोचतात. त्यांपैकी बूट आणि घर हे दोन्ही मजुराच्या नव्हे, बागमालकाच्या खर्चाचे विषय आहेत. आरोग्य खात्याने रुग्णाला उपदेश करण्याआधी मालकाला जबाबदार धरायला हवे.

व्रण बरा झाल्यावरच्या नोंदींमध्ये सर्वांत मोठी उणीव आहे. नोंदप्रणालीत रुग्णाचे प्रकरण उपचारांनंतर काही महिन्यांत बंद होते, पण नाकाचा रोग कित्येकदा काही वर्षांनी उगवतो आणि तोवर माणूस बाग बदललेला, क्वचित राज्य बदललेला असतो. नाकातून वारंवार रक्त येणे, खपल्या धरणे, एक नाकपुडी सतत चोंदलेली राहणे ही सुरुवातीची चिन्हे त्याला सर्दीची वाटतात आणि दूरच्या शहरातील डॉक्टरलाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकापासून घरोघर फिरणाऱ्या सामुदायिक आरोग्यसेविका आहेत आणि त्यांच्या यादीत कोणाच्या घरी मधुमेह, कोणाकडे गरोदर स्त्री, हे लिहिलेले असते. त्याच यादीत जुन्या व्रणाचा वण असलेली माणसे नोंदवून वर्षातून एकदा त्यांच्या नाकात टॉर्चने पाहणे, आणि स्थलांतर करणाऱ्याच्या हातात व्रणाचे ठिकाण, तारीख व घेतलेल्या औषधाची मात्रा लिहिलेले कार्ड देणे, यासाठी नवे औषध किंवा नवी यंत्रणा लागत नाही. त्यासाठी बंद झालेली प्रकरणे पुन्हा उघडण्याची परवानगी नोंदप्रणालीत असावी लागते.